पहिले तीन घाणे

“बर्फ कुठे फेकलात?” उदेभानबाबांनी विचारलं.

“बेसिनमध्ये.”

“सगळा?”

“सगळा. तीन घाणे. एका घाण्यात नऊ खडे.”

“अन् ती कुठे होती तेव्हा?”

कोलते सरांनी मांडीवरचं खोकं दोन्ही हातांनी आणखी घट्ट धरलं.

“समोरच्या खोलीत. पलंगावर... दार उघडंच होतं.”

बाबांनी हळहळ केली नाही. रांजणात ओगराळं बुडवलं आणि समोर वाकलेल्या एका ट्रकवाल्याच्या ओंजळीत धार धरली. तो पोटभर प्याला, ओले हात मानेवरून फिरवले आणि गेला.

“बोला,” बाबा म्हणाले.

सर खोक्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

कोलते सर म्हणजे दौलतराव कोलते. आयटीआयमध्ये फ्रिज आणि एसीच्या ट्रेडला तेहतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले. शहरातला कुठलाही फ्रिजवाला धरा, तो सरांच्या हाताखालून गेलेला. वर्गात फळ्याच्या वर त्यांनी एक ओळ रंगवून घेतली होती : आधी पुस्तक, मग स्विच. पुस्तक न वाचता कुणी बटण दाबलं, की तो तास त्याला उभ्यानं काढावा लागे.

माणूस वाईट नाही, बरं का. कुणाच्या घरी पंखा कुरकुरला तर न बोलावता टेस्टर घेऊन जाणारा. पण ताक फुंकून प्यायची सवय ताकापुरती राहिली नव्हती. मेथीची जुडी घेतली तरी दांडी दांडी उलटून बघायची. गॅसचं सिलेंडर आलं, की आणणाऱ्याला दारात थांबवून साबणाचा फेस लावायचा. गल्ली हसायची. आणि अडलं, की त्यांच्याच दारात जायची.

बाबांची गोष्ट वेगळी. शहरापासून पंधरा किलोमीटरवर, मोठ्या रस्त्याला लागून, चिंचेखाली त्यांची पाणपोई. अकरा रांजण. मागे पत्र्याच्या दोन खोल्या, त्यालाच लोक मठ म्हणतात. बाबा तरुणपणी विहिरी खणायचे. पुढे काय झालं, कसे बाबा झाले, ते कुणी धड सांगत नाही, आणि विचारलं तर ते स्वतः म्हणतात, “खाली पाणी लागेना, म्हणून वर येऊन बसलो.”

कुणी काही विचारायला आलं, तर पाणी वाढता वाढताच बोलणार. अर्धं बोलणार, अर्धं राहणार.

“बोला ना, मास्तर,” बाबा पुन्हा म्हणाले.

मग सरांनी सांगितलं. अडखळत का होईना, सगळं सांगितलं.

त्यांच्या बायकोला, वत्सलाबाईंना, घशाचं दुखणं झालं, आणि औषधांनी तोंड आतून सोलून निघालं. वरणाचं पाणीसुद्धा झोंबायचं. डॉक्टर म्हणाले, बर्फाचा खडा चघळू द्या, तेवढाच आराम.

फ्रिजमधला बर्फ सर फडक्यात गुंडाळून बत्त्यानं फोडायचे. फोडलेल्या बर्फाला धार असते.

“काचा आणता तुम्ही,” वत्सलाबाई म्हणायच्या. तरी तोंडात धरायच्या.

एक दिवस फडक्याला रक्त लागलेलं दिसलं. त्या दिवशी सरांनी ठरवलं, की घरच्या घरी बर्फ करणारं यंत्र आणायचं. मिक्सरपेक्षा थोडं मोठं. टाकीत पाणी ओता, बटण दाबा, सात मिनिटांत आतल्या टोपलीत नऊ खडे टपकतात. गोल, गुळगुळीत, मधे पोकळ, शिंप्याच्या अंगुस्तानासारखे. धार म्हणून नाही.

कुठलं घ्यावं, हे ठरवायला त्यांनी आठ दिवस घेतले. वॅट किती, आवाज किती, टाकी केवढी. वहीत रकाने आखले होते.

सोमवारी सकाळी खोकं आलं, आणि आणणाऱ्यानं ते आडवं आणलं. सरांनी त्याला दारातच झापलं : “वर बाण काढलेत, दिसत नाहीत?”

यंत्रासोबत आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं, वापरण्यापूर्वी चोवीस तास उभं ठेवा. ते वाचायचीही गरज नव्हती. तेहतीस वर्षं हेच शिकवलेलं.

मंगळवारी सकाळी यंत्र आतून लिंबाच्या पाण्यानं पुसलं. टाकी भरली. बटण दाबलं.

पहिले नऊ खडे पडले तो आवाज पलंगापर्यंत गेला.

“पडले का?” वत्सलाबाईंनी आतून विचारलं.

“पडले. पण हे टाकायचे असतात.”

“काऊन?”

“पहिले तीन घाणे टाकून द्यावेत, असं लिहिलंय. नव्या यंत्रात कारखान्याचं काही काही असतं. तुझं तोंड आधीच सोललंय, अगं.”

“एकच द्या.”

“सात मिनिटं थांब.”

दुसरा घाणा पडला.

“आता?”

“अजून एक.”

तिसरा बेसिनमध्ये ओतताना सरांना आतून हसू ऐकू आलं. दुखऱ्या तोंडानं हसलेलं, बारीक.

“तुमचं पुस्तक वाचून झालं, की उठवा मला,” वत्सलाबाई म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड केलं.

चौथा घाणा सुरेख निघाला. सरांनी तो स्टीलच्या वाटीत घेतला. हाक मारली. पुन्हा मारली. खांद्याला हात लावला.

श्वास होता. गुरुवारी पहाटे तोही थांबला. मधे तोंडात काही गेलं नाही.

“...एक दिवस आणि एकवीस मिनिटं,” सर म्हणाले. “मी हिशेब केला, बाबा. एवढाच वेळ.”

बाबांनी ओगराळं रांजणावर आडवं ठेवलं.

“मग आता माझ्याकडे काय आहे?”

“एवढंच सांगा, की माझी चूक होती का नव्हती. गल्लीत ज्याला त्याला विचारलं. सगळे म्हणतात, सर, तुमचं काही चुकलं नाही, तुम्ही तर केवढं केलंत. शेजारच्या बाईंनी तर माझ्यासाठी डोळे पुसले.” सरांचा आवाज चिडका झाला. “मला तसं नकोय. खरं पाहिजे.”

“तुम्हाला कोणतं खरं पाहिजे? होती म्हणू, का नव्हती?”

सर अकरा रांजणांकडे एकेक करून बघत गेले.

“सांगा ना, बापा.”

“होती म्हणा,” सर हळूच म्हणाले. “म्हणजे शिक्षा घेता येईल.”

“कोणती?”

“ती मी सुरूच केली आहे.”

अडीच महिने सरांनी थंड पाण्याला तोंड लावलं नव्हतं. फ्रिजचं बटण बंद. माठ उपडा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला येतं, तेच प्यायचं. आता नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागला होता. विदर्भातल्या नवतप्यात गच्चीवरची टाकी म्हणजे काय, ते ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक.

पलीकडे पेले घासत बसलेल्या पार्वताबाईच्या कानावर हे पडलं. बाई पाणपोईचं सगळं बघणारी, आणि तोंडाची फटकळ.

“त्यात साखर-पत्ती टाकत जा भाऊ,” ती म्हणाली. “चहा आयता होते, फुकट काऊन घालवता?”

सर हसले नाहीत.

“किती दिवसांची शिक्षा?” बाबांनी विचारलं.

“ते तुम्ही ठरवा.”

“वा. गुन्हा तुम्ही लिहून आणला, शिक्षा तुम्ही लिहून आणली. माझी नुसती सही पाहिजे होय, मास्तर?”

सरांच्या कानशिलांना आग लागल्यासारखं झालं. तेहतीस वर्षं प्रश्न विचारले होते त्यांनी. समोर उभं राहून उत्तर सापडत नाही म्हणजे काय, ते आता कळत होतं.

“अन् हे खोकं?” बाबांनी बोट केलं.

“पाणपोईला देतो. घरात ठेवलं तर दिसत राहतं. फेकायला गेलो, तर हात उचलत नाही.”

“आम्ही काय करू त्याचं?” पार्वताबाई म्हणाली. “रोज चारशे माणूस पाणी पिऊन जाते इथं. नऊ खडे कोणाकोणाच्या नाकाला लावू?”

“थांब वं,” बाबा म्हणाले. मग सरांकडे वळले. “चालवून दाखवा.”

आता सर उठले. काम सांगितलं की त्यांना बरं वाटायचं, आणि बाबांना ते दिसलं असावं.

मठाच्या ओसरीवर दगडी ओटा होता, प्लग होता. सरांनी खिशातून टेस्टर काढून प्लग तपासला. यंत्र खोक्यातून काढून ओट्यावर ठेवलं आणि पिशवीतून छोटी पाणसळ काढून त्यावर ठेवली. बुडबुडा एका अंगाला सरकला. सरांनी पुठ्ठ्याचा तुकडा घडी करून एका पायाखाली दिला, पुन्हा पाणसळ ठेवली, पुठ्ठ्याची घडी पातळ केली. बुडबुडा बरोबर मधे आला. मग यंत्र भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं.

“मागे गरम हवा सुटते,” ते म्हणाले. “भिंतीला टेकवलं तर गुदमरतं.”

“हाव का? यंत्रालाबी गुदमरते?” पार्वताबाई पेला हातात धरून बघायला आली.

“झालं?” बाबांनी विचारलं. “दाबा बटण.”

“आज नाही. उद्या या वेळेला.”

“काऊन?”

“ऑटोनं आलो. मांडीवर उभं धरलं होतं, पण रस्ता कसा आहे बघताच. आतल्या कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं. हललं, की ते नळीत चढतं. सावकाश खाली उतरू द्यावं लागतं. घाई केली, तर यंत्र जळतं.”

“उतरते का पण? आपोआप?”

“उतरतं. फक्त हात लावायचा नाही. वेळ द्यायचा.”

बाबांनी यंत्राकडे पाहिलं, मग सरांकडे.

“मग तुम्हीही बसा,” ते म्हणाले, आणि ओगराळं सरांच्या हातात दिलं.

सरांनी दिवसभर पाणी वाढलं.

ट्रकवाले आले. लग्नाचं वऱ्हाड आलं, त्यात नवरदेवाचा मामा तीन ओंजळी प्याला आणि चौथी डोक्यावर घेतली. शेळ्या घेऊन एक म्हातारी आली. सर धार बारीक धरायचे, पाणी वाया जाऊ द्यायचे नाहीत. बाबा धार मोकळी सोडायचे, ती कोपरांवरून ओघळायची.

रांजणातलं पाणी गारच गार. वाढताना बोटांना लागायचं.

“प्या की,” बाबा एकदा म्हणाले.

“नको.”

बाबांनी आग्रह केला नाही. सरांना वाटलं होतं, की करतील.

उन्हं कलली. रस्ता जरा ओस पडला. बाबा सतरंजीवर टेकले.

“तिला बर्फ आवडायचा?” त्यांनी विचारलं.

“तोंड दुखायचं म्हणून...”

“ते नाही विचारलं. धडधाकट होती तेव्हा.”

अडीच महिन्यांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःलाही नाही.

“फार,” ते म्हणाले. “नवीन लग्न झालेलं. जत्रेला गेलो, की हिला बर्फाचा गोळा पाहिजे. लाल. मी म्हणायचो, अगं, ते कुठलं पाणी असतं, रंग कसला असतो... घेऊ द्यायचो नाही.”

“मग?”

“खायची.”

“कशी?”

“माझी पाठ वळली, की.” सरांच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. “मी नारळ घ्यायला वळायचो. परत बघतो, तर ही पदर तोंडाशी धरून उभी. विचारलं, काय खाल्लंस? म्हणते, काही नाही. अन् जीभ ही अशी लालभडक. सगळ्या जत्रेला दिसावी अशी.”

पार्वताबाई खळखळून हसली. “अन् तुम्ही रागवायचे?”

“रागवायचो. सबंध रस्ताभर.”

“आजारी पडली का कधी?” बाबांनी विचारलं.

“नाही... एकदाही नाही.”

एक एसटी धूळ उडवत गेली.

सर ओगराळ्याच्या दांड्यावर अंगठा घासत राहिले. त्यांच्या डोळ्यांसमोर तो मंगळवार आला. बेसिन, यंत्र, उघडं दार. सात मिनिटं संपायच्या आधीच ते टोपलीवर हात धरून उभे होते. एकवीस मिनिटांत हलले नव्हते. आणि ती हलायच्या पलीकडे गेलेली.

“त्या दिवशी मी पाठच वळवली नाही, बाबा,” ते म्हणाले.

बाबा उठून रांजणांची झाकणं सारखी करायला गेले.

दिवेलागणीला सर घरी गेले, सकाळी पहिल्या ऑटोनं परत आले. येताना पुस्तक बरोबर होतं, बर्फाच्या यंत्राचं. पानापानाला पेन्सिलीच्या खुणा. बाबांनी हातात घेतलं, चाळलं, परत दिलं.

“मला वाचता येत नाही,” ते म्हणाले. “तुम्हीच सांगा, काय करायचं ते.”

सरांनी रांजणातलं पाणी घेतलं. दुहेरी फडक्यातून गाळलं, टाकीत खुणेपर्यंत ओतलं, खुणेच्या वर एक थेंब नाही. झाकण लावलं. घड्याळ पाहिलं. काल ज्या वेळी ठेवलं होतं, त्या वेळेला अजून चार मिनिटं कमी होती.

ते चार मिनिटं उभे राहिले.

बाबाही उभे राहिले. पार्वताबाई म्हणाली, “मला पेले आहेत,” पण तीही गेली नाही.

मग सरांनी बटण दाबलं. यंत्र घुरघुरलं. आत पाणी चढल्याचा आवाज आला.

“कसं होते हे?” पार्वताबाईनं विचारलं.

“आत नऊ बोटं आहेत धातूची. पाण्यात बुडतात. बोटं गार होतात, पाणी त्यांना धरून गोठतं. मग बोटं जराशी गरम होतात आणि खडा सोडून देतात.”

“म्हणजे सोडायला गरम व्हावं लागते?”

“हो.”

“बरंय.”

सात मिनिटं झाली. टपटप करत नऊ खडे टोपलीत पडले. पहिला घाणा नेहमी पातळ निघतो, तसाच निघाला. बांगडीच्या काचेएवढी जाडी. उन्हाच्या उजेडात आरपार दिसणारे.

सरांच्या हाताला सवय होती. हात आपसूक गेला. त्यांनी टोपली उचलली आणि ओसरीच्या कडेला आले, जिथं पार्वताबाईच्या मोरीचं पाणी वाहायचं.

तिथं हात थांबला.

“काय लिहिलं आहे पुस्तकात?” बाबांनी मागून विचारलं.

“यंत्र बरेच दिवस बंद राहिलं, तरी पहिले तीन टाकून द्यावेत.”

“मग टाका.”

सरांचा हात हलेना.

“टाका की. तुम्हीच शिकवलं ना, आधी पुस्तक?”

“बाबा...”

“न टाकता तसाच टोपलीत राहू दिला, तर काय होते?”

“वितळतो. टोपलीला भोकं आहेत. खाली टाकीत उतरतो, पुन्हा वर चढतो, पुन्हा खडा होतो.”

“अन् टाकला तर?”

सर मोरीकडे बघत होते. चिंचेची पानं साचली होती तिथं.

“टाकला तर गेला,” ते म्हणाले.

“हं.”

बाबा पुढे आले. त्यांनी दोन्ही हात जोडून ओंजळ केली, पाणपोईवर येणारी माणसं करतात तशी, आणि सरांच्या समोर वाकले. सत्तरी ओलांडलेला माणूस. जटा पुढे आल्या.

“मला द्या,” ते म्हणाले.

सर एकदम मागे सरकले. टोपली छातीशी धरली.

“छे, छे! हा पहिला आहे. नव्या यंत्रात कारखान्याचं काही काही असतं, बाबा. तुमचं वय झालंय. पोटात गेलं आणि बाधलं तर... सात मिनिटं थांबा. नाही, एकवीस. एकवीस मिनिटं थांबा, चौथा चांगला निघतो, मी स्वतः...”

आणि सरांना आपला आवाज ऐकू आला.

शब्द तेच होते. सूरही तोच, जरासा खेकसल्यासारखा, तळाशी भीती असलेला. बाबांना काही होऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. दुसरं काही नव्हतं. शपथेवर सांगता आलं असतं.

तेव्हाही दुसरं काही नव्हतं.

पार्वताबाईनं पदर तोंडाला लावला. तिनं थट्टा केली नाही.

“आजही देणार नाही?” बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. वाकलेले होते तसेच वाकलेले.

“मी... तुमच्या काळजीनंच...”

“ठाऊक आहे.”

“तिच्याही...”

“तेही ठाऊक आहे.”

“मग ही चूक कशी, बाबा?” सरांचा आवाज फाटला. “आणि नसेल, तर सकाळी मला अंथरुणातून उठवत का नाही? वाटीतला तो चौथा घाणा मी वितळेपर्यंत धरून बसलो होतो. धार नव्हती त्याला. एकाही खड्याला धार नव्हती...”

टोपलीच्या भोकांतून पाणी गळू लागलं. सरांच्या सदऱ्यावर ओला डाग पसरला. थंड होता. अडीच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी थंड त्यांच्या अंगाला लागत होतं, आणि टोपली दूर धरायचं त्यांना सुचलं नाही.

बाबांची ओंजळ तशीच होती.

“माझे हात दुखतात, मास्तर,” ते म्हणाले.

सरांनी टोपलीत पाहिलं. नवांतले चार उरले होते, तेही कागदासारखे.

त्यांनी दोन बोटांनी एक उचलला. उचलताना त्यांचे ओठ हलत होते. कदाचित पुस्तकातली ओळच म्हणत असतील, कदाचित दुसरं काही. मग त्यांनी तो बाबांच्या ओंजळीत ठेवला. टाकला नाही, ठेवला.

बाबांनी तो तोंडात घातला. दाढेखाली बारीक आवाज झाला.

सर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. यंत्र मागे घुरघुरत होतं, दुसऱ्या घाण्याचं पाणी चढत होतं, पण सरांनी घड्याळ पाहिलं नाही.

बाबांनी तोंड वाकडं केलं.

“वास येते,” ते म्हणाले. “प्लॅस्टिकचा.”

“येतो ना?” सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी खाली आलं, गालांवरून, हनुवटीपर्यंत, आणि त्यांनी ते पुसलं नाही. “म्हणजे... म्हणजे माझं बरोबर होतं, बाबा?”

बाबांनी ओली ओंजळ पुन्हा पुढे केली.

“अजून एक द्या.”